अष्टमीची सुकती धरून धोपाव्यापर्यंत

नमस्कार मंडळी. मला इथे पळण्याबद्दल बोलायला बोलावलंय, पण मी निम्म्याच्या वर भरती-सुकतीबद्दलच, म्हणजे भरती-ओहोटीबद्दलच बोलणार आहे, कारण चिपळूणच्या गोवळकोटपासून दाभोळसमोरच्या धोपाव्यापर्यंत वाशिष्ठीच्या काठाने एका दिवसात, एकटीने जायचं तर पायात कितीही दम असू दे, खाडीची वेळ जुळली नाही तर दुपारी कुठल्यातरी खाजणाच्या, खाऱ्या दलदलीच्या कडेला पाणी उतरायची वाट बघत बसावं लागतं. पहिल्या वेळी माझं तेच झालं, दीड तास बसले आणि मग रिक्षाने परत.

सलग अशी वाट नाहीच आहे. कधी खार जमिनीचा बांध, कधी वाडीतली जांभ्याची पाखाडी म्हणजे दगडी पायवाट, कधी साकव म्हणजे छोटा पूल, कधी सड्यावरचा तापलेला कातळ, मध्येच डांबरी. माझ्या घड्याळात ४८ किमी भरले आणि सव्वाअकरा तास लागले, थांबे धरून. यात पळणं किती आणि भरभर चालणं किती ते मी मोजत नाही, पण बांधावरचं पळणं मला जगात सगळ्यात आवडतं, एका बाजूला भातखाचरं आणि दुसऱ्या बाजूला तिवरं.

तर दिवस कसा निवडला? खाडीवरच्या माणसांचा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी म्हणजे आठाचे पाऊणपट सहा, सहाला भरती, बाराच्या सुमाराला पूर्ण सुकती, संध्याकाळी परत भरती. हे खाडीच्या तोंडाशी दाभोळचं गणित, वर गोवळकोटला पाणी पोचायला अजून वेळ लागतो तो धरायचा. शिवाय अष्टमीला भांग म्हणजे लहान भरती असते, पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणासारखं पाणी चढत नाही, आणि कृष्ण अष्टमी घेतली तर पहाटे अर्धा चंद्र डोक्यावर असतो. मी मार्गशीर्षातली धरली, साडेपाचला निघाले, हेडटॉर्च लागलाच नाही फारसा.

मगरींचं सगळे विचारतात. आहेत, भरपूर आहेत, थंडीत ऊन वर आलं की चिखलावर येऊन पडतात. मी पाण्याच्या कडेने जातच नाही, पऱ्या, म्हणजे खाडीला मिळणारे ओढे, जिथे गावातली माणसं ओलांडतात तिथेच ओलांडते.

आता परचुरीच्या अलीकडचं सांगते. साडेअकराला एक पऱ्या आडवा आला, पाणी घोट्याएवढं, पण दोन्हीकडे चिखल, चकचकीत, सपाट, दिसायला घट्ट. मी पाय टाकणार तेवढ्यात पलीकडे चिखलातून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढत बसलेली एक मावशी ओरडली, "बाय, तिकडनं जाव नको, रुतशील!" मग तिने उठून दाखवलं, तिवराच्या मुळांच्या काड्या जिथे वर आल्यात तिथे जमीन धरते, जिथे नुसता गुळगुळीत गाळ तिथे मांडीपर्यंत जाशील. मी शूज हातात घेऊन त्या काड्यांच्या कडेकडेने गेले, तळव्याला टोचत होतं पण पाय घोट्याच्या वर गेला नाही. घरी बसून मॅप कितीही झूम केला तरी हे दिसणार नाही.

आणि हे फक्त पळणाऱ्यांसाठी नाही हो. आपली वाशिष्ठी उन्हाळ्यातही वाहते ती कोयनेचं वीज करून सोडलेलं पाणी पोफळीकडून येतं म्हणून, आणि खालून समुद्र वर चढतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पाणी शिरलं तेव्हा पौर्णिमा दोन दिवसांवर होती, वरून पाऊस आणि खालून उधाणाची भरती. ज्या गावाला असा दिवस बघावा लागला तिथल्या प्रत्येक पोराला तिथीवरून भरती काढता आलीच पाहिजे, असं मला अगदी मनापासून वाटतं.

खाण्याचं थोडक्यात: कोकमाचं आगळ, मीठ, पाणी, चिक्की, आणि वाडीत कुणी ताक देऊ केलं तर नाही म्हणायचं नाही. एकटं जाताय तर घरी प्रत्येक गावाची वेळ लिहून द्या, मध्ये रेंज जाते. समोरच्या काठाला जगबुडी येऊन मिळते तिथून पुढे खाडी इतकी रुंदावते की पलीकडची माणसं दिसेनाशी होतात, आणि वारा खारा होतो.

पावणेपाचला धोपाव्याच्या जेट्टीवर पोचले. २००३ पासून इथून दाभोळला फेरीबोट आहे, तिच्यात रेलिंगला टेकून उभी राहिले, पाणी परत वर चढायला लागलं होतं.

येत्या अष्टमीला मी फक्त परचुरीकडचा टप्पा चालत करणार आहे, पळायचं नाही. ज्यांना यायचंय त्यांनी जुन्या चपला आणि पाण्याची बाटली घेऊन या, तिसऱ्या काढणाऱ्या बायका भेटल्या तर आधी त्यांना वाट विचारू.