चाळीस मिनिटांची पलटण

नमस्कार, श्रोतेहो.

पहाटे सोलापुरात विजापूर रस्त्यावर फौजेच्या भरतीसाठी पळणारी पोरं तुम्ही पाहता. त्यांतल्या अनेकांनी फौज पहिल्यांदा बघितली ती टीव्हीच्या रिअ‍ॅलिटी शोमध्ये: चिखलात सरपटणारे स्पर्धक, कानाशी ओरडणारा उस्ताद, म्हणजे प्रशिक्षक, आणि भागाच्या शेवटी एकाची घरवापसी.

खरी दिशाभूल या घरवापसीतच आहे. शोमधून दर आठवड्याला कुणीतरी बाहेर पडावंच लागतं, नाहीतर पुढचा भाग बघणार कोण? प्रशिक्षण केंद्रातला हिशेब उलटा असतो. नाशिक रोडचं तोफखाना केंद्र घ्या किंवा बेळगावचं मराठा लाइट इन्फन्ट्रीचं, अग्निवीर, म्हणजे चार वर्षांसाठी भरती झालेला जवान, तिथे साधारण 31 आठवडे असतो. फायरिंगमध्ये कच्चा राहिलेल्याकडून पुन्हा सराव करून घेतात, कारण पोरगं तयार करून पलटणीत पाठवणं हेच उस्तादाचं काम. तो ओरडतो, पण कॅमेऱ्यासाठी नाही.

दिवसभराच्या चित्रीकरणातून चाळीस मिनिटं काढायची म्हणजे कंटाळवाणं ते सगळं कापायचं. रायफल खोलून साफ करणं, बूट चमकवणं, रात्रीचा पहारा, तीच ड्रिल शंभरदा. फौजेतला बराचसा दिवस नेमका यातच जातो.

भरतीतही हेच घडतं. 2023 पासून लेखी परीक्षा आधी आणि मैदान नंतर. जनरल ड्युटीला, म्हणजे साध्या जवानाच्या पदाला, एका तासात 50 प्रश्न, चुकीच्या उत्तराला गुण कापतात. संगणकासमोर बसून गणित सोडवणारा मुलगा कुठल्या शोमध्ये दिसलाय?

आता पळण्याचं. 1600 मीटर साडेपाच मिनिटांच्या आत पळालं तर पूर्ण 60 गुण. म्हणजे 400 मीटरच्या चार फेऱ्या, प्रत्येक फेरी 82 सेकंदांच्या आसपास. टीव्हीतला स्पर्धक सुरुवातीलाच सुसाट सुटतो, म्हणून पोरंही पहिली फेरी सत्तर सेकंदांत मारतात. तिसरीत पाय जड होतात, श्वास तुटतो, वेळ हातची जाते. चारही फेऱ्यांचा वेग सारखा ठेवा आणि सराव घड्याळ लावूनच करा. सोलापूरच्या उन्हात नऊनंतर तर नकोच.

बीमवर दहा पुलअप्सना 40 गुण आहेत. हनुवटी दांड्याच्या वर, खाली येताना हात पूर्ण सरळ. झोका घेऊन मारलेली मोजत नाहीत. शोमध्ये मात्र टाळ्या तिलाच पडतात!

घरच्यांनीही आकडे बघावेत. अग्निवीराला पहिल्या वर्षी महिना 30,000 रुपये, त्यातले 9,000 सेवानिधीत, म्हणजे चार वर्षांनंतर एकरकमी मिळणाऱ्या निधीत, जातात आणि हातात 21,000 येतात. नोकरी चार वर्षांची. पुढे नियमित सेवेत जास्तीत जास्त 25 टक्के.

शेवटी एक बारीक गोष्ट. शोमधल्या स्पर्धकाच्या दंडावर, मानेवर टॅटू असतो. भरतीत आदिवासी समाजाची सवलत सोडली, तर कायमचं गोंदण फक्त कोपर ते मनगट आतल्या बाजूला आणि तळव्याच्या मागे चालतं. तेव्हा जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत टॅटूवाल्यापुढे दंड उघडा करण्याआधी जाहिरातीतली ही अट वाचून घ्या.