पाच डॉलरचं तिकीट

नमस्कार श्रोतेहो.

फुगाझी हे नाव तुमच्यापैकी फार थोड्यांच्या कानावर आलं असेल, आणि त्यात तुमची काही चूक नाही. अमेरिकेतल्या या रॉक बँडनं स्वतःचा गाजावाजा कधी केलाच नाही. बाकीचे बँड टी-शर्ट विकूनही चांगले पैसे कमावतात. यांनी टी-शर्टही काढला नाही. दारू-सिगारेटच्या जाहिराती छापणाऱ्या मासिकांना ते मुलाखती देत नसत. तरीही पंधरा वर्षांत हजारावर कार्यक्रम झाले, अमेरिकेच्या सगळ्या पन्नास राज्यांत आणि परदेशातही. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसं यांचं व्हॅनमध्ये.

गाव वॉशिंग्टन डी.सी. पहिला कार्यक्रम ३ सप्टेंबर १९८७ रोजी झाला, तेव्हा स्टेजवर तिघंच होते : गिटारवर इयान मकाय, बेसवर जो लॅली आणि ड्रम्सवर ब्रेंडन कँटी. चौथा गडी लवकरच आला, गी पिचोटो. इंग्रजीतलं त्याचं नाव वाचून आपल्याकडचा कुणीही 'गाय' म्हणेल, पण उच्चार 'गी'. सुरुवातीला तो फक्त गायचा, गिटार नंतर हातात आली.

मला आज बोलायचंय ते त्यांच्या तिकिटाबद्दल. तिकीट बहुतेक ठिकाणी ५ डॉलर, आणि आत यायला वयाची अट नाही. ऐकायला किती साधं वाटतं! पण अमेरिकेत अशा बँडचे कार्यक्रम व्हायचे ते मुख्यतः बारमध्ये. तिथे दारू पिण्याचं कायदेशीर वय २१. बारमालकाची कमाई गाण्यावर नसते, ग्लासवर असते. मग सोळा वर्षांचं पोरगं त्याच्या काय कामाचं? ते नुसतं जागा अडवणार. म्हणजे ज्या वयात हे संगीत सगळ्यांत जास्त भिडतं, त्याच वयाची मुलं दाराबाहेर. मकायनं हे स्वतः भोगलेलं होतं, शाळकरी वयात.

त्यामुळे फुगाझीनं जागाच वेगळ्या शोधल्या. चर्चचे हॉल, वस्तीतली सभागृहं, शाळांच्या व्यायामशाळा, जिथे गल्ल्याचा हिशेब ग्लासवर चालत नाही अशी कुठलीही जागा. कार्यक्रम ठरवणारा दलाल नाही, मॅनेजर नाही. मकाय स्वतः फोन घेऊन बसायचा आणि दौरा जुळवायचा. सुरुवातीच्या दौऱ्यांत मुक्काम ओळखीच्यांच्या घरी, जमिनीवर पथारी टाकून. मधल्या माणसांचं कमिशन वाचलं, हॉटेलचं बिल वाचलं, म्हणून तिकीट पाचावर राहू शकलं. याला कुणी त्याग वगैरे म्हणू लागलं की मला थोडं हसू येतं. हे चोख व्यवहारी डोकं होतं. स्वस्त तिकिटामुळे हॉल भरायचे आणि चौघांचं घर त्यावर चालायचं.

रेकॉर्डचंही तसंच. 'डिस्कॉर्ड' ही कंपनी मकायनं जेफ नेल्सनबरोबर १९८० साली सुरू केली, ती आधीच्या एका पोरसवदा बँडच्या कमाईतून उरलेल्या सुमारे ६०० डॉलरवर. पहिल्या रेकॉर्डची वेष्टनं मित्रमंडळींनी कात्रीनं कापून, डिंकानं चिकटवली होती. कलाकारांशी लेखी करार नाहीत, सगळा शब्दावर कारभार. १९९०च्या दशकात सिएटलच्या बँडमागे बड्या कंपन्या थैल्या घेऊन धावत होत्या, तेव्हा फुगाझीलाही मागण्या आल्या. हे जागचे हलले नाहीत.

कार्यक्रम मात्र धगधगता असे. पुढच्या रांगेत धक्काबुक्की सुरू झाली, कुणी दुसऱ्याच्या डोक्यावर उडी घेतली, की मकाय गाणं मध्येच थांबवी. आधी समजावून सांगी. तरी ऐकलं नाही तर त्या पठ्ठ्याच्या हातात ५ डॉलर घातलेलं पाकीट ठेवून त्याला बाहेरची वाट दाखवत. तिकिटाचे पैसे परत, भांडण मिटलं! काहींना हा मास्तरकीचा कळस वाटे, आणि खरं सांगायचं तर थोडी मास्तरकी त्यात होतीच. पण गर्दीत चेंगरणारी लहान मुलं आणि मुली त्यामुळे पुढे उभ्या राहू शकत.

१२ जानेवारी १९९१ रोजी ते व्हाइट हाउससमोरच्या लाफायेट पार्कमध्ये वाजवत होते, युद्धाच्या विरोधात, ऐन थंडीत. त्यानंतर आठवड्याच्या आतच आखाती युद्धाचे बॉम्ब पडू लागले. आपल्या गावात ते वाजवत ते बहुधा मदतनिधीसाठी, नाहीतर फुकट.

अल्बमांची यादी मी वाचत बसत नाही. ऐकायचंच असेल तर १९९०चा 'रिपीटर' आणि २००१चा 'दी आर्ग्युमेंट' ऐका. पहिल्यात दोन गिटारी एकमेकींशी भांडतात, दुसऱ्यात त्या एकमेकींचं ऐकून घेतात. मला दुसरा जास्त आवडतो.

४ नोव्हेंबर २००२ रोजी लंडनमध्ये ते शेवटचे वाजले. निरोपाचा समारंभ नाही, बँड मोडल्याची घोषणाही नाही. संसार वाढले होते, महिनोन्महिने व्हॅनमध्ये राहणं जमेना, थांबले.

आता ध्वनिमुद्रणांविषयी. त्यांचे साउंडवाले वर्षानुवर्षं कार्यक्रम टेप करून ठेवत होते. आठशेंहून जास्त कार्यक्रमांचा हा साठा २०११ पासून डिस्कॉर्डनं इंटरनेटवर खुला करायला घेतला. त्यात चुकलेले सूर आहेत, तुटलेल्या तारा आहेत, प्रेक्षकांशी झालेली हुज्जतही आहे. प्रत्येक कार्यक्रमापुढे तारीख, जागा आणि त्या रात्रीचं तिकीट नोंदवलंय. कमी-जास्त द्यायची मुभा आहे, पण एका कार्यक्रमासाठी सुचवलेली किंमत पाहिलीत तर ओळखीची वाटेल : ५ डॉलर.

नमस्कार.