दंडगोलावरचा मळसूत्री उतार

[दृश्य: गडद पार्श्वभूमीवर सावकाश फिरणारा धातूचा पोकळ दंडगोल. वरच्या तोंडावर तीन चढते उतार, प्रत्येकाच्या शेवटी उभी पायरी.]

पडद्यावर फिरतोय तो जॉ क्लचचा, म्हणजे दोन शाफ्ट (फिरते दांडे) जोडणाऱ्या-सोडवणाऱ्या दातेरी जोडाचा, अर्धा भाग. बाहेरचा व्यास ४० मिलिमीटर, मधलं भोक २० मिलिमीटरचं. वरच्या तोंडावर तीन उतार कापलेले आहेत. प्रत्येक उतार १२० अंशांत १२ मिलिमीटर चढतो आणि मग एकदम सरळ खाली तुटतो. समोरून असाच दुसरा भाग येऊन बसला की एका दिशेला उभ्या पायऱ्या एकमेकींना अडतात आणि शाफ्ट ओढला जातो. उलट दिशेला फिरवा, उतार उतारावरून घसरतो आणि क्लच सुटतो.

वस्तू म्हणून यात अवघड काही दिसत नाही. कॅडमध्ये, म्हणजे संगणकावर डिझाइन करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, काढायला घेतली की मात्र हा उतार भल्याभल्यांना फसवतो, आणि फसवतो तो पहिल्याच स्केचमध्ये.

[दृश्य: दंडगोलाचा बाजूचा देखावा. त्यावर एक तिरकी रेघ ओढली जाते आणि आरपार कट होतो.]

हाताला सहज येते ती पद्धत ही. बाजूच्या प्लेनवर तिरकी रेघ काढायची, आरपार कट मारायचा. समोरून पाहिलं तर सगळं बरोबर दिसतं. पण जे तयार झालं ते सपाट पृष्ठ आहे, मळसूत्री, म्हणजे स्क्रूच्या आट्यासारखं, नाही. सपाट प्लेनने दंडगोल कापला आणि त्याचा बाहेरचा पृष्ठभाग उलगडून सपाट केला, तर कापलेली कड सरळ रेषेत येत नाही. ती साइन वक्रासारखी वळते. म्हणजे चढण्याचा वेग सगळीकडे सारखा नाही. आपल्या १२० अंशांच्या तुकड्यात तो मधोमध सर्वात जास्त असतो आणि दोन्ही टोकांना त्याच्या निम्म्यावर येतो.

याहून वाईट गोष्ट आतल्या कडेला घडते. बाहेरच्या कडेवर उतार बरोबर १२ मिलिमीटर चढावा असा प्लेनचा कोन धरला, तर भोकाच्या कडेवर तोच उतार फक्त ६ मिलिमीटर चढतो. त्रिज्या निम्मी, चढही निम्मा.

[दृश्य: सपाट उतारांचे दोन भाग एकमेकांवर बसतात. एक भाग थोडा फिरतो. मध्ये फट दिसते, स्पर्श फक्त एका कोपऱ्यावर.]

याने काय बिघडतं ते इथे नीट बघा. पूर्ण बसलेल्या स्थितीत हे दोन भाग चपखल जुळतात, म्हणून असेंब्लीतही चूक लक्षात येत नाही. पण एक भाग जरासा फिरवा. लगेच सगळा भार एखाद्या कोपऱ्यावर येतो. प्रत्यक्ष यंत्रात हाच कोपरा आधी झिजणार, आधी तुटणार.

मळसूत्री पृष्ठाचं तसं नाही. ते अक्षाभोवती फिरवत, त्याच प्रमाणात वर सरकवलं, तर स्वतःवरूनच सरकतं. नट बोल्टवर फिरताना आटे सगळीकडे टेकलेले राहतात ते याच गुणामुळे. आपल्या क्लचमध्येही दोन उतार सुटत जाताना एकमेकांना पृष्ठभर टेकून राहतात. एवढी खटपट करायची ती यासाठी.

[दृश्य: कागदाचा काटकोन त्रिकोण दंडगोलावर गुंडाळला जातो. तिरकी बाजू मळसूत्र होते.]

आता बरोबर उतार. कागदाचा काटकोन त्रिकोण दंडगोलावर गुंडाळला की त्याची तिरकी बाजू मळसूत्र बनते. पाया म्हणजे परीघ, उंची म्हणजे एका पूर्ण फेऱ्यातला चढ. या चढाला लीड म्हणतात. आपला उतार १२० अंशांत १२ मिलिमीटर चढतो, म्हणजे लीड ३६ मिलिमीटर. दर अंशाला बरोबर ०.१ मिलिमीटर.

४० व्यासाचा परीघ साधारण १२५.७ मिलिमीटर. तेवढ्या पायावर ३६ चढायचं म्हणजे उताराचा कोन जवळजवळ १६ अंश. भोकाच्या कडेवर परीघ ६२.८, चढ मात्र तोच ३६. तिथे कोन होतो जवळजवळ ३० अंश. एकच उतार, बाहेर १६ अंश, आत ३०, आणि मधल्या प्रत्येक त्रिज्येवर वेगळा. लीड मात्र सगळीकडे एक.

म्हणून ड्रॉइंगवर नुसतं ‘उतार १६ अंश’ लिहिलेलं असलं तर ते माप अपुरं आहे. कोणत्या व्यासावर, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. माझं स्पष्ट मत आहे की कोन देऊच नये. ‘१२० अंशांत १२ मिलिमीटर’ असं द्यावं. मॉडेल करणारा, मशिनवर बसलेला आणि तपासणारा, तिघेही त्यावर थेट काम करू शकतात.

[दृश्य: अक्षाला काटकोनात असलेली एक आडवी रेघ फिरत फिरत वर चढते, तिच्यामागे जिन्यासारखं पृष्ठ उमटत जातं.]

हे जे पृष्ठ उमटतंय, त्याला हेलिकॉइड म्हणतात. फ्रेंच गणिती म्यूनिए यांनी १७७६ मध्ये ते मिनिमल सरफेस (ज्याचा प्रत्येक लहान तुकडा आपल्या कडांमध्ये कमीत कमी क्षेत्रफळाचा असतो) असल्याचं दाखवलं. तारेची मळसूत्री चौकट साबणाच्या पाण्यात बुडवली तर पडदा जो आकार घेऊ शकतो, तो हा. आपल्या कामाची बाब वेगळी आहे: हे पृष्ठ सरळ रेघेने बनतं, तरी ते ताणल्याशिवाय सपाट उलगडता येत नाही. त्यामुळे सपाट प्लेन कितीही खुबीने तिरकं केलं तरी त्याची जागा घेऊ शकत नाही.

मॉडेल करण्याचा सर्वात खात्रीचा मार्ग याच रेघेतून जातो. अक्षाला काटकोनात, अक्षाकडे रोखलेली एक रेघ काढा. भोकाच्या आत आणि बाहेरच्या व्यासाच्या पलीकडे ती दोन-दोन मिलिमीटर जाऊ द्या. अक्षावर एक सरळ उभी रेघ काढा, १२ मिलिमीटरची. पहिली रेघ दुसरीवरून सरफेस स्वीप करा, म्हणजे तिच्या वाटेने सरकवत पृष्ठ उमटवा, आणि १२० अंशांचा ट्विस्ट, म्हणजे पीळ, द्या. सॉलिडवर्क्स आणि फ्यूजन या दोन्ही कॅड सॉफ्टवेअरमध्ये स्वीपला ट्विस्टचा पर्याय आहे. हेलिक्स, म्हणजे मळसूत्राचा वक्र, काढायचीसुद्धा गरज पडत नाही. उजवा की डावा, एवढं मात्र आधी ठरवा. क्लचची ओढ कोणत्या दिशेला, ते त्यावरच अवलंबून आहे.

पुढची पायरी अनेक जण घाईत करतात. या सरफेसने अख्खा दंडगोल कापू नका. दोन्ही टोकांना सरफेस थोडी जास्त लांबवावी लागते, नाहीतर कडेवर कागदासारखा पातळ पापुद्रा उरतो किंवा कट सरळ नाकारला जातो. आणि लांबवली की ती शेजारच्या उतारात घुसते. त्यापेक्षा दंडगोलाचा १२० अंशांचा एकच तुकडा वेगळा सॉलिड म्हणून घ्या. लीड तीच ठेवून ट्विस्ट आणि उंची दोन्ही वाढवा: १४० अंश आणि १४ मिलिमीटर, दोन्ही बाजूंना सारखे. तुकडा कापा. मग त्याच्या तीन प्रती अक्षाभोवती मांडून जोडून टाका. उभी पायरी आपोआप अक्षातून जाणाऱ्या प्लेनवर येते.

हेलिक्स काढून त्यावरून चौकोनी प्रोफाइल (छेदाची आकृती) स्वीप-कट करणारेही पुष्कळ आहेत. चालतं, पण चौकोन हेलिक्सवर मधोमध बसवला तर त्याच्या कडा अक्षाकडे रोखलेल्या राहत नाहीत, थोड्या बाजूला सरकतात. उताराची जी बाजू महत्त्वाची, तीच प्रोफाइलची कड हेलिक्सच्या सुरुवातीच्या बिंदूवर ठेवा. फ्रीकॅडमध्ये पार्ट वर्कबेंचचा स्वीप वापरत असाल तर फ्रेने हा, प्रोफाइलची दिशा वक्राला धरून ठेवणारा, पर्याय चालू करा, नाहीतर प्रोफाइल वाटेत स्वतःभोवती पीळ घेऊ शकतं.

[दृश्य: त्याच मापाच्या नळीत आरपार मळसूत्री खाच. तीत ६ मिलिमीटरची गोल पिन सरकवली जाते. ती आतल्या बाजूला अडकते.]

उताराऐवजी आरपार खाच असली की कोनाचा हाच फरक दुसऱ्या रूपात समोर येतो. तीच नळी, तीच लीड. अक्षाच्या दिशेने मोजून ६ मिलिमीटर रुंद खाच कापली. पिन मात्र खाचेला काटकोनातली रुंदी पाहते. ती बाहेरच्या पृष्ठावर सुमारे ५.७७ आणि आत ५.२१ मिलिमीटर भरते. ६ ची पिन जाणारच नाही. ती जायला आतल्या कडेवर अक्षाच्या दिशेने जवळजवळ ६.९ मिलिमीटर जागा हवी, बाहेर ६.२४ पुरते.

मशिनच्या चौथ्या, म्हणजे नळी फिरवणाऱ्या, अक्षावर ६ मिलिमीटरचं एंडमिल (गोल कटर) नळीच्या अक्षाकडे रोखून फिरवलं, तर ते ही जागा स्वतःच करून घेतं. गोल कटर प्रत्येक खोलीवर तिथल्या दिशेला काटकोनात आपली रुंदी कापत जातो. अशा खाचांसाठी मी नेहमी सॉलिड स्वीप सुचवेन. सॉलिडवर्क्समध्ये कटरचाच दंडगोल हेलिक्सवरून फिरवून कापता येतो. हिशेबाला वेळ जास्त लागतो, पण मॉडेलमधली भिंत मशिनवर निघणाऱ्या भिंतीसारखी येते.

फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे पाठवताना एक ध्यानात असू द्या. कॅडचे नर्ब्ज वक्र (सॉफ्टवेअर ज्या गणिती वक्रांत आकार साठवतं ते) वर्तुळ अचूक मांडू शकतात, मळसूत्र नाही. ते नेहमी जवळात जवळ नेलेलं असतं. फरक इतका बारीक असतो की कारखान्यात तो कुणाला दिसत नाही, पण दोन पृष्ठं कडेला कडा लावून जोडताना सॉफ्टवेअरला दिसतो. मॉडेल ‘शिवलं’ जात नसेल तर आधी तिथे बघा.

[दृश्य: रोटरी टेबलावर बसवलेला तयार जॉब. डायलचं टोक उतारावर टेकलेलं. टेबल १० अंश फिरतं, काटा सरकतो.]

तयार जॉब, म्हणजे कापून झालेला भाग, तपासायला महागडं यंत्र लागत नाही. रोटरी टेबलावर (अंश मोजत फिरणाऱ्या टेबलावर) जॉब मध्यात बसवा, डायलचं (काट्याने बारीक सरक दाखवणाऱ्या मापकाचं) टोक उतारावर टेकवा आणि दर १० अंशांना वाचत जा. काटा दरवेळी १ मिलिमीटर सरकला पाहिजे. आधी १८ मिलिमीटर त्रिज्येवर, मग १२ वर. दोन्हीकडे पूर्ण उताराला १२ मिलिमीटरच यायला हवेत. बाहेर १०.८ आणि आत ७.२ आले, तर उतार सपाट प्लेनने कापला गेलाय. अशा वेळी मशिनचं सेटिंग हलवू नका, मॉडेलमधलं पहिलं स्केच उघडा.