सगळ्याची म्होरकी मीच

नमस्कार मंडळी! ऑगस्ट 1941, स्पेनमधलं बिल्बाओ शहर. तिथल्या ब्रिटिश कॉन्सुलेटमध्ये एक बारीकशी मुलगी येऊन उभी राहिली, सोबत एक स्कॉटिश सैनिक आणि दोन बेल्जियन तरुण, आणि म्हणाली की यांना मी ब्रुसेल्सहून आणलंय, अजून आणते, तुम्ही फक्त खर्चाचं बघा. साहेबांना काही पटेना. अख्खा जर्मनव्याप्त फ्रान्स पार करून, वर पिरेनीज डोंगर चढून, ही? लंडनमध्ये तर काहींना ती जर्मनांचीच हेर वाटली!

ही आंद्रे द योंग, सगळे तिला देदे म्हणायचे. वय 24. वडील शाळामास्तर, ती स्वतः जाहिरातींची चित्रं काढायची, आणि युद्ध सुरू झाल्यावर जखमी सैनिकांची शुश्रूषा करायला लागली. जर्मनांनी बेल्जियम घेतल्यावर तिथे मागे राहिलेले ब्रिटिश सैनिक लपवायचे कुठे आणि किती दिवस, म्हणून मग त्यांना थेट बाहेरच काढायचं ठरलं. यातूनच कॉमेट लाइन, म्हणजे माणसांना गुपचूप देशाबाहेर पोचवणारी साखळी, उभी राहिली, पुढे मुख्यतः विमान पडलेल्या वैमानिकांसाठी.

आता काम काय तर, घर शोधा, खोटी कागदपत्रं करा, अंगाला बसतील असे कपडे मिळवा (उंच अमेरिकन माणसाला बेल्जियन पँट, बघा आता!), रेशनच्या दिवसात जास्तीची तोंडं खाऊ घाला, आणि ट्रेनमध्ये तोंड उघडू नका हे त्यांना बजावत राहा, कारण एक वाक्य बोलला की संपलं. ब्रुसेल्स, पॅरिस, बायोन, मग सीमेजवळचं शेतघर. तिथून रात्री फ्लोरेंतिनो नावाचा बास्क स्मगलर पुढे, दोरीच्या तळव्याचे बूट घालून मागे सगळे, आणि सीमेवरची बिदासोआ नदी पार की स्पेन. देदेने स्वतः शंभराच्या वर माणसं अशी नेली. मला मात्र तिचं सगळ्यात आवडतं ते हे, की ब्रिटिशांकडून पैसे घेतले पण हुकूम घेतले नाहीत, लाइन आमची, चालवणार आम्हीच.

जानेवारी 1943 मध्ये पावसाने नदी फुगली म्हणून उरुन्यच्या शेतघरात थांबले आणि तिथेच धाड पडली. घरमालकीण फ्रांचिया, तिलाही नेलं, ती राफेन्सब्रुकच्या छळछावणीतून परत आलीच नाही. गेस्टापोने, म्हणजे जर्मनांच्या गुप्त पोलिसांनी, देदेची पुन्हा पुन्हा चौकशी केली, शेवटी तिने सरळ सांगून टाकलं की सगळ्याची म्होरकी मीच. त्यांनी विश्वासच ठेवला नाही! एवढीशी पोरगी असलं काही चालवते हे त्यांच्या डोक्यातच शिरेना, आणि बहुतेक त्यामुळेच ती फाशी किंवा गोळीपासून वाचली. छळछावण्या मात्र चुकल्या नाहीत, आधी राफेन्सब्रुक, मग माउटहाउजेन. वडिलांना मार्च 1944 मध्ये पॅरिसजवळ गोळ्या घातल्या. लाइन मात्र तिच्या अटकेनंतरही चालूच राहिली, दुसऱ्यांनी, त्यातही बऱ्याच बायकांनी ती चालवली.

सुटल्यावर तिला ब्रिटनचं जॉर्ज मेडल मिळालं, 1985 मध्ये बेल्जियमने काउंटेस केलं. पण आयुष्याची मधली बरीच वर्षं ती नर्स म्हणून आफ्रिकेत होती, काँगो, कॅमेरून, इथिओपिया, सेनेगल, कुष्ठरुग्णांच्या दवाखान्यात. 2007 मध्ये ती गेली, नव्वदीत.