पातळ कागदाची चिठ्ठी

नमस्कार श्रोतेहो. आज सव्वाशे वर्षांपूर्वीच्या फ्रान्समधली गोष्ट सांगते. मालकच मतं मागायला आला, तर कामगारानं काय करायचं?

ल क्रूझो गावात 1836 साली श्नायडर बंधूंनी लोखंडाचा कारखाना घेतला. पुढे घरं कारखान्याची, शाळा कारखान्याची, दवाखानाही कारखान्याचा. ऑन्री श्नायडर 1871 पासून पंचवीस वर्षं गावाचे महापौर होते आणि 1889 पासून खासदारही. म्हणजे पगार देणारा हात आणि मत मागणारा हात एकच!

दक्षिणेतल्या कार्मोत खाण कंपनीचे अध्यक्ष बॅरन रेय खासदार, आणि त्यांचे जावई मार्क्वी द सोलाजही खासदार. पण मे 1892 मध्ये कामगारांनी युनियनचा चिटणीस काल्विन्याक याला महापौर केलं. महापौरकीच्या कामामुळे त्याचे खाडे होऊ लागले, तेव्हा कंपनीनं त्याला कामावरून काढलं. कामगार म्हणाले, हा आमच्या मताचा अपमान आहे. पगारवाढीची मागणी नव्हती, श्रोतेहो, भांडण मताच्या मानाचं होतं! ऑगस्टमध्ये संप पेटला, लष्कर आलं, अडीच महिने खाण बंद राहिली. शेवटी पंतप्रधान लूबे यांनी लवाद केला आणि काल्विन्याकला कामावर परत घेऊन महापौरकीसाठी रजा द्यावी लागली. सोलाज यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी जानेवारी 1893 मध्ये समाजवादी नेते जाँ जोरेस निवडून आले.

पण 1898 मध्ये सोलाज यांनी जोरेस यांना हरवलं. मतदारसंघात खाणीबाहेरची खेडीही होती, आणि तिथे सोलाज यांच्या उमराव घराण्याचा दबदबा मोठा. मला मात्र यातली मतदानाची रीत सगळ्यात बोचते. उमेदवार आपल्या नावाच्या मताच्या चिठ्ठ्या स्वतः छापून घेत. मतदाराला ती केंद्राबाहेरच मिळे. कायद्यानं कागद पांढरा हवा होता, पण पातळ की जाड यावर बंधन नव्हतं. म्हणून चिठ्ठी कितीही घडी घातली, तरी कागदावरून ती कुणाची हे ओळखू येई. मतदार ती केंद्राध्यक्षाच्या हातात देई आणि तो ती पेटीत टाकी. दाराशी मुकादम उभा असेल, तर ज्याचं घर कारखान्याचं आहे त्यानं कुठली चिठ्ठी उचलावी?

फ्रान्समधल्या पुरुषांना मताचा हक्क 1848 मध्ये मिळाला होता. चिठ्ठीसाठी पाकीट आणि मतदारासाठी आडोसा यायला 29 जुलै 1913 उजाडलं. पासष्ट वर्षं! विधेयक दोन्ही सभागृहांत वर्षानुवर्षं रखडलं. स्त्रियांना तर मताचा हक्कच 1944 मध्ये मिळाला.

1914 च्या वसंतात कार्मोच्या खाणकामगारानं लोकसभेसाठी पहिल्यांदा पडद्याआड जाऊन, चिठ्ठी पाकिटात घालून मत दिलं. जोरेस पुन्हा निवडून आले.