डोक्यातली चरबी

नमस्कार श्रोतेहो.

‘लई चरबी चढलीय त्याला’ असं सोलापुरात कुणाबद्दल म्हटलं, तर ते कौतुक नसतं. आज मी मात्र त्या चरबीची बाजू घेऊन बोलणार आहे, आणि तीही थेट डोक्यातल्या. मेंदूतलं पाणी काढून टाकलं, तर मागे जे उरतं त्यातला निम्मा किंवा त्याहून जास्त भाग स्निग्ध पदार्थांचा असतो. शास्त्रात त्यांना लिपिड म्हणतात. पोटावरची चरबी म्हणजे साठा. उपास घडला की ती जळते. मेंदूतली चरबी साठ्याची नाही. पेशींच्या भिंतीच तिच्या बांधलेल्या आहेत.

गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत अनवाणी चालताना दगडाची ठेच लागली की काय होतं, आठवून बघा. आधी चटकन एक तीव्र कळ येते. मग क्षणभर थांबून तो ठणका सुरू होतो, ज्याला आपण खरं तर शिव्या देतो. ठेच एकच, पण वेदना दोन हप्त्यांत येते, कारण तिच्या वाटा दोन आहेत. पहिली कळ आणणाऱ्या मज्जातंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण असतं, आणि त्यांतून संदेश सेकंदाला 5 ते 30 मीटर धावतो. ठणक्याचे तंतू उघडेच. तिथं वेग सेकंदाला जेमतेम 1 मीटर, फार तर 2. पायाच्या अंगठ्यापासून कंबरेपर्यंतचं अंतर धरा, म्हणजे ठणका उशिरा का पोचतो ते कळेल. स्नायूंकडे आणि स्नायूंकडून जाणारे जाड आवरणाचे तंतू तर सेकंदाला 100 मीटरच्याही पुढे जातात.

हे आवरण घडतं कसं, ते सोलापूरकराला सांगणं सोपं आहे. आपल्या मागावर सुतापासून चादर होते. इथं सुतालाच चादर गुंडाळतात. शेजारची एक मदतनीस पेशी आपली पातळ पापुद्र्यासारखी कड पुढं करते आणि तंतूभोवती फेऱ्यांवर फेरे घालते, कधी कधी शंभराच्या आसपास. प्रत्येक फेऱ्यात आतला द्रव पिळून निघतो आणि उरते नुसती भिंतीवर भिंत. म्हणूनच सुकवलेल्या मायलिनमध्ये सत्तर टक्क्यांहून जास्त लिपिडच सापडतात. आवरणात मधे मधे बारीक फटी सोडलेल्या असतात आणि संदेश एका फटीवरून पुढच्या फटीवर उड्या मारत जातो.

म्हाकुळाला, म्हणजे समुद्रातल्या स्क्विडला, ही युक्ती साधलेली नाही. त्याला वेग हवा होता म्हणून त्याचा एक तंतू अर्धा मिलिमीटर जाड झाला. तेवढाच वेग, सेकंदाला सुमारे 25 मीटर, बेडकाला मायलिनच्या जोरावर चाळीसपट बारीक तंतूत मिळतो. आवरण नसतं, तर आपल्या पाठीचा कणा केवढा जाड झाला असता, कल्पना करा!

लंडनमध्ये थुडिकम नावाचे जर्मन वंशाचे डॉक्टर होते. त्यांनी आयुष्यातली कितीतरी वर्षं मेंदूतले हे पदार्थ वेगळे करण्यात घातली. त्यातला एक काही केल्या उलगडेना, तेव्हा त्यांनी कोडं घालणाऱ्या स्फिंक्सवरून त्याचं नाव ठेवलं स्फिंगोसिन. हे 1884 सालचं. दुसरं नाव आपल्या जास्त जवळचं आहे. 1992 मध्ये जेरुसलेमच्या संशोधकांना मेंदूत एक लिपिड सापडलं. ते भांगेतल्या द्रव्याच्याच कुलपाला लागणारी शरीराची स्वतःची किल्ली निघालं. त्याला नाव दिलं आनंदामाइड, आपल्या संस्कृत ‘आनंद’ शब्दावरून! हे रसायन आधी साठवून ठेवलेलं नसतं. गरज पडली की पेशी आपल्या भिंतीतल्याच स्निग्ध द्रव्यातून ते तयार करते.

आता तुमच्या मनातला प्रश्न. कुठंही या विषयावर बोललं की शेवटी कुणीतरी आजोबा उठून विचारतातच, ‘मग बाई, तूप किती खायचं?’ उत्तर जरा निराश करणारं आहे. शरीरातलं वीसेक टक्के कोलेस्टेरॉल एकट्या मेंदूत असतं, पण ते मेंदू स्वतःच तयार करतो. रक्तातलं कोलेस्टेरॉल रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या पहाऱ्यातून जवळजवळ आत जातच नाही. तेव्हा रिपोर्टमधला आकडा वाढला म्हणून बुद्धी वाढत नाही. टाळूवर थापलेलं तेलही आत झिरपत नाही. झोप छान लागते, तेवढं मात्र खरं.

बाहेरून आणावी लागतात ती ओमेगा-3 कुळातली आम्लं. त्यातलं डीएचए मेंदूच्या भिंतींना लागतं. ते थेट मिळतं माशांतून, आणि आपल्या भागात रोज मासे कोण खातं? आपल्या लाडक्या शेंगा चटणीत ओमेगा-3 नसल्यात जमा आहे. मला स्वतःला ती भाकरीबरोबर रोज लागते, म्हणून हे सांगताना जीवावर येतं. जवसात मात्र या कुळातलं मूळ आम्ल भरपूर असतं. शरीर त्यातला थोडाच भाग डीएचएमध्ये बदलू शकतं, पण थोडा बदलतो.

आणि बी-12. हे जीवनसत्त्व कमी पडलं की मायलिन नीट राहत नाही. पायांना मुंग्या येतात, तळवे बधिर होतात, अंधारात तोल जातो. पूर्ण शाकाहारी माणसांत आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ही कमतरता बऱ्याचदा आढळते. ‘वय झालं’ म्हणून अशा मुंग्या अंगावर काढू नका. डॉक्टरांना सांगून रक्त तपासून घ्या. उशीर झाला, तर झालेली इजा पूर्ण भरून येईलच असं नाही.

जवसाची चटणी करणार असाल, तर जवस मंद आचेवर भाजा आणि बारीक कुटा. अख्खा दाणा न पचताच बाहेर पडतो. लसूण, तिखट, मीठ तुमच्या अंदाजानं. नमस्कार.