लेक सासरहून बेपत्ता होते तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

इंदूरच्या रामबागेत, लोकमान्यनगरात, सुदामानगरात अशी कितीतरी मराठी घरं आहेत, जिथल्या सुना जळगाव, धुळे, अकोला, पुणे इकडून आलेल्या आहेत. माहेर आणि सासर यांच्यामध्ये एका रात्रीचा बसप्रवास. आणि एखाद्या दिवशी जावयाचा फोन येतो, "ती तुमच्याकडे आलीय का?" तो फोन आल्यावर माहेरच्यांनी नेमकं काय करायचं, याबद्दल मी आज बोलणार आहे.

आधी एक गोष्ट. घरातून गेलेल्या प्रत्येक बाईचा घात झालेला नसतो. छळाला कंटाळून, भांडण होऊन, कुणाबरोबर किंवा एकटीच, पुष्कळ जणी स्वतःच्या पायांनी निघून जातात. सज्ञान बाईला तो हक्क आहे. पोलिसांना ती सापडली आणि तिनं जबाबात सांगितलं की माझा पत्ता घरी कळवू नका, तर तो कळवला जाऊ नये. म्हणून पहिल्या दिवशीच जावयावर खुनाचा ठपका ठेवून त्याच्या दारात आरडाओरडा करू नका. मात्र तपास पहिल्या दिवसापासून असा व्हायला हवा, की उद्या वाईट बातमी आलीच तर हातात पुरावा असेल. ती सुखरूप सापडली तर त्या धावपळीनं कुणाचं काही बिघडत नाही. नाही सापडली, तर त्याच धावपळीवर खटला उभा राहतो.

चोवीस तास थांबावं लागतं, असं लोक अजून सांगतात. कायद्यात तसं कुठेही नाही. ठाण्यात जाऊन त्याच दिवशी नोंद करता येते. आपल्याकडे ती "गुम इंसान" म्हणून होते, तिला क्रमांक पडतो. तो क्रमांक, तारीख आणि चौकशी कुणाकडे दिली त्या हवालदाराचं किंवा उपनिरीक्षकाचं नाव कागदावर घेतल्याशिवाय ठाण्यातून बाहेर पडू नका.

आता खरी अडचण कुठे आहे ते सांगते. अठरा वर्षांखालची मुलगी हरवली तर गुन्हाच दाखल होतो. सज्ञान बाईची फक्त नोंद होते. नोंद म्हणजे एफआयआर नव्हे. नोंदीवर पोलीस शोधपत्रक काढतात, फोटो पाठवतात, फोनचं लोकेशन मागवतात. पण घराची झडती, वस्तूंची जप्ती, फॉरेन्सिकच्या माणसांना घरात नेणं, हे गुन्हा दाखल झाल्यावरच धडपणे होतं. म्हणून पहिल्या अर्जात काय लिहिलं आहे याला फार महत्त्व आहे. "आमची मुलगी अमुक तारखेपासून घरी नाही, शोध घ्यावा," एवढ्या दोन ओळी लिहून दिल्या की पुढचे पंधरा दिवस ती नोंदच राहते. खुनाचे कितीतरी तपास इथेच आठवडेच्या आठवडे वाया जातात, असं माझं स्पष्ट मत आहे.

अर्जात लिहा: शेवटचं बोलणं कधी झालं, किती वाजता, कोणत्या नंबरवर. मारहाण झाली होती का, कधी, कुणाला सांगितली होती, दवाखान्याचा कागद आहे का. पैशाची मागणी होती का, किती, कशासाठी. "मारून टाकीन" अशी धमकी दिली होती का, कुणासमोर. लग्नाची तारीख लिहा. जावयानं तुम्हाला किती तासांनी किंवा किती दिवसांनी कळवलं तेही लिहा. भारतीय न्याय संहितेत क्रूरतेसाठी कलम ८५ आहे, खून करण्याच्या हेतूनं पळवून नेण्यासाठी कलम १४० आहे. अर्जातच अशी हकिगत असेल तर दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा, गुन्हा दिसतो, आणि तो दिसल्यावर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलेलं आहे. अर्थात, घडलं तेवढंच लिहा. रागाच्या भरात घातलेली एक खोटी ओळ उलटतपासणीत बाकीच्या दहा खऱ्या ओळींना बुडवते.

तुम्ही जळगावला आहात आणि घटना इंदूरची आहे, तरी जळगावच्या ठाण्यात झिरो एफआयआर होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ती तरतूद आहे. ती पुढे इंदूरच्या ठाण्याकडे पाठवली जाते. पण जमेल तर घरातल्या एकानं तिथे अर्ज द्यावा आणि दुसऱ्यानं लगेच इंदूरची बस धरावी, कारण तिथे घड्याळ चालू झालेलं असतं. ठाण्यानं घेतलंच नाही तर त्याच कलमाखाली पोलीस अधीक्षकांकडे, इंदूर शहरात आयुक्तालयाच्या वरिष्ठांकडे, लेखी पाठवायचं. तिथेही दाद लागली नाही तर प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा.

घड्याळ म्हणाले ते कॅमेऱ्यांसाठी. फोनच्या कॉलचा तपशील कंपन्यांना दोन वर्षं जपावा लागतो, तो महिन्यानं मागवला तरी मिळतो. गल्लीतल्या किराणा दुकानाच्या, समोरच्या बंगल्याच्या कॅमेऱ्याचं तसं नाही. त्याच्या डीव्हीआरची, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राची, डिस्क भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. कुठे महिना टिकतं, कुठे आठवडाच. म्हणून पहिल्या दिवशी घरापासून दोन्ही दिशांना चालत जा, कॅमेरा कुठे कुठे आहे त्याची यादी करा, आणि ती अर्जासोबत देऊन "हे चित्रण तातडीनं ताब्यात घ्यावं" असं लिहून पोच घ्या. दुकानदाराला विनंती करा की पुसू देऊ नका. सरवटे बसस्टँड, रेल्वे स्टेशन, टोलनाके यांची नावंही यादीत घाला. "ती बसनं गेली" असं जावई म्हणत असेल तर ती बसस्टँडवर दिसली पाहिजे. तिथे ती कुठेच नसणं हासुद्धा पुरावा आहे. मात्र चित्रण हातात असतानाच तो पुरावा होतो.

फोनच्या लोकेशनवर फार विसंबू नका. टॉवर सांगतो तो परिसर. शहरात काहीशे मीटरचा, सिमरोलच्या घाटाकडे किंवा चोरल भागात काही किलोमीटरचा. त्यातून दोन गोष्टी मात्र पक्क्या कळतात: फोन कोणत्या टॉवरखाली बंद झाला, आणि त्या वेळी नवऱ्याचा फोन कुठे होता. दोघांचे फोन रात्री एकत्र शहराबाहेर गेले आणि परत एकच आला, तर तपासाची दिशा तिथेच ठरते.

तिच्या फोनवरून नंतर मेसेज आले तर ते नीट वाचा. आयुष्यभर आईशी मराठीत बोलणारी, "पोचले गं, जेवले" असं लिहिणारी मुलगी अचानक "मैं ठीक हूँ, मुझे ढूँढना मत" असं हिंदीत लिहू लागली, तर ते तिनंच लिहिलं असेल असं धरून चालू नका. उलट मेसेज करून असं काही विचारा जे फक्त तिलाच माहीत असेल. आणि हे मेसेज ज्या फोनवर आले तो फोन जपा. फॉरमॅट करू नका, विकू नका, मेसेज पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतं. नुसत्या स्क्रीनशॉटच्या छापील कागदावर कोर्टात अडून बसतात.

आता घर. घरातून काय गेलं, हे सगळे विचारतात. काय गेलं नाही, ते बघायला हवं, आणि ते आईला किंवा बहिणीलाच कळतं. बाई दोन दिवसांसाठी निघाली तरी चष्मा घेते, थायरॉइडच्या किंवा बीपीच्या गोळ्या घेते, फोनचा चार्जर घेते, आतले कपडे घेते, आधार कार्ड घेते. ती रोज बाहेर घालायची ती चप्पल दाराशी आहे, पर्स खुंटीला आहे, गोळ्यांची पट्टी अर्धी आहे, डब्यात साठवलेले पैसे तसेच आहेत, आणि नवरा म्हणतो रागावून निघून गेली. ही यादी पोलिसांसमोर पंचनाम्यात यायला हवी. तुम्ही स्वतः मात्र काही उचलू नका, कपाट लावू नका, आणि देवासमोर दिवा लावायचा म्हणून घर झाडूनपुसून घेऊ नका. हे फार होतं. मावशी, आत्या येतात आणि मायेपोटी घर आवरतात.

रक्त धुतल्यावर दिसेनासं होतं, पण जात नाही. ते फरशीच्या सांध्यांत उतरतं, न्हाणीच्या जाळीच्या खालच्या बाजूला राहतं, दाराच्या बिजागरीत, गादीच्या खालच्या अंगाला, पोछ्याच्या दांडीच्या खोबणीत. फॉरेन्सिकची माणसं अंधार करून ल्युमिनॉल फवारतात, तेव्हा त्या जागा निळसर चमकतात. ब्लीचिंग पावडरनंसुद्धा तशी चमक येते, म्हणून चमक म्हणजे रक्तच असं नाही. तिथला नमुना घेऊन माणसाचं रक्त आहे का आणि डीएनए कुणाचा, हे तपासावं लागतं. ओला कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला तर तो कुजतो आणि डीएनए खराब होतो. सावलीत वाळवून कागदी पाकिटात सील करायचा असतो. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञानं घटनास्थळी यावं आणि चित्रीकरण व्हावं, असं आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये आहे. झडतीचंही चित्रीकरण करावं लागतं. ते झालं का, हे विचारायला संकोच करू नका. नुकताच दिलेला रंग, एकाच ठिकाणी बदललेली फरशी, अंगणातला ताजा कोबा दिसला तर लेखी कळवा.

मृतदेह सापडला, तर लग्नाला सात वर्षं झाली नसल्यास कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी होते. शवविच्छेदनात गळ्याकडे नीट बघावं लागतं. फास घेतल्याचा वळ बहुधा तिरका, हनुवटीच्या जवळ आणि तुटक असतो. दोरीनं आवळल्याचा वळ आडवा, खाली आणि सलग असतो. हातानं गळा दाबला असेल तर कंठास्थीचं, म्हणजे गळ्यातल्या छोट्या हाडाचं, टोक मोडलेलं सापडू शकतं. जळालेल्या देहात श्वासनलिकेत काजळी नसेल तर जाळण्यापूर्वीच मृत्यू झाला असण्याची शंका येते. पाण्यात सापडलेल्या देहासाठी डायटमची, म्हणजे पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळाची, तपासणी होते. देह कुजलेला असेल तर दाढ किंवा मांडीचं हाड राखून ठेवतात आणि आईवडिलांच्या रक्ताशी डीएनए जुळवतात. शंका असेल तर अंत्यसंस्काराची घाई करू नका. १९९५ च्या दिल्लीच्या तंदूर प्रकरणात नवऱ्यानं बायकोचा देह हॉटेलच्या तंदूरमध्ये जाळला होता; तिच्या डोक्यातल्या आणि मानेतल्या गोळ्या दुसऱ्या शवविच्छेदनात सापडल्या. तेव्हा देह हातात होता, म्हणून ते जमलं.

मृतदेह नाही म्हणून खटला नाही, असंही नाही. आणि देह वर्षांनंतरही सापडू शकतो. बेंगळुरूच्या स्वामी श्रद्धानंद खटल्यात बायको १९९१ च्या मेअखेरीपासून दिसेनाशी झाली. नवरा आज इथे, उद्या परदेशात असं सांगत राहिला. मुलीनं पाठ सोडली नाही, १९९२ मध्ये तक्रार केली. मार्च १९९४ मध्ये राहत्या घराच्या अंगणातून तिचा देह असलेली पेटी निघाली. मधली वर्षं शेजारीपाजारी त्याच अंगणावरून गेले असतील. सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये त्याला मरेपर्यंत तुरुंगात ठेवण्याची शिक्षा दिली.

"नवऱ्यानं गुन्हा कबूल केला" अशी बातमी आली की घरचे सुटकेचा श्वास घेतात. घेऊ नका. पोलिसांसमोरची कबुली कोर्टात चालत नाही. त्या कबुलीतून जे नवं हाती लागतं, म्हणजे देह, दोरी, तिचा फोन, तेवढ्यापुरतं आणि त्याच शब्दांपुरतं ती चालते. त्या कबुलीच्या लेखी नोंदीला आपल्याकडे मेमोरेंडम म्हणतात. वस्तू आधीच सापडली आणि मेमोरेंडम नंतर लिहिला, किंवा पंच दुसऱ्याच गावचे निघाले, की ही कडी तुटते. आणि अशा खटल्यात कडीला कडी जुळावी लागते. शरद सारडा खटल्यात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयानं परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या घातल्या आणि आरोपी सुटला. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेत नाही.

दुसऱ्या बाजूला त्रिमुख किरकन खटला आहे, २००६ चा. चार भिंतींच्या आत, नवरा-बायको दोघंच असताना बायकोचा मृत्यू झाला, तर काय घडलं ते नवऱ्यानं सांगितलं पाहिजे, आणि खोटं किंवा न पटणारं सांगितलं तर तीही एक कडी धरली जाते. पण त्यासाठी तो त्या रात्री घरात होता, हे आधी पोलिसांना सिद्ध करावं लागतं. शेजाऱ्यांचे जबाब, ड्युटीची हजेरी, टॉवर, दूधवाल्यानं सकाळी कुणाला पाहिलं, हे सगळं त्यासाठीच. पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते. कुणी सही मागितली तर शांतपणे हे सांगा.

आरोपी अटकेत असेल तर खुनाच्या गुन्ह्यात नव्वद दिवसांत चालान, म्हणजे आरोपपत्र, कोर्टात जावं लागतं, नाहीतर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. मोजणी पहिल्या कोठडीच्या तारखेपासून होते. ती तारीख वकिलाकडून लिहून घ्या. साठाव्या दिवसाच्या सुमारास तपास अधिकाऱ्याला लेखी विचारा: डीएनएचा अहवाल प्रयोगशाळेतून आला का, डीव्हीआर तपासायला गेला का, कॉलच्या तपशिलाचं प्रमाणपत्र जोडलं का. अहवाल उशिरा आला तर चालान आधी देऊन तो नंतर जोडता येतो. तपास कुठवर आला हे फिर्यादीला नव्वद दिवसांत कळवणं आता पोलिसांवर बंधनकारक आहे. उत्तर नाही आलं तर पत्राच्या पोचपावतीसह वरिष्ठांकडे जा.

नमस्कार.